वाचक विचारतात : भारुडाचा व्हिडिओ करताना

प्रश्न : आम्ही कॉलेजातली सहा मुलं-मुली एकनाथ महाराजांच्या भारुडाचा चार मिनिटांचा व्हिडिओ मोबाईलवर करणार आहोत. आमच्याच आवाजात गाणं रेकॉर्ड झालंय. शूटिंगला एकच दिवस आहे. आखणी कशी करावी?
— एक विद्यार्थिनी, अंबाजोगाई

उत्तर : कॅमेऱ्याचं नंतर बघा, आधी आवर्तनं म्हणजे तालाच्या पूर्ण फेऱ्या मोजा. केहरवा ताल ८ मात्रांचा, म्हणजे ८ ठोक्यांचा. लय मिनिटाला ९६ मात्रांची असेल, तर एक आवर्तन बरोबर ५ सेकंदांचं आणि चार मिनिटांत ४८ आवर्तनं. वहीत ४८ ओळी आखा. प्रत्येकीत शब्द, ऐकू येणारं वाद्य आणि पडद्यावर काय दिसेल ते लिहा. ध्रुपद (पालुपद) कुठे कुठे परत येतं ते लगेच कळेल. त्या सगळ्या ओळी एकाच जागी, एका दमात उरकून घ्या. कट समेवर, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, चांगला बसतो, पण दर समेला कट मारला तर दुसऱ्या कडव्यातच प्रेक्षक कंटाळतो. भारुडाचा जीव सोंगात असतो. सोंग घेणाऱ्याला तीन-चार आवर्तनं सलग द्या, मध्ये कापू नका.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो ओठांचा, कारण स्पीकरवर तयार गाणं लावून त्यावर ओठ जुळवायचे असतात. गाण्याचं मिक्सिंग पूर्ण झाल्याशिवाय शूटिंग करू नका. नंतर लय जराशी बदलली तरी सगळं फुकट जातं. प्रत्येक कडव्याची वेगळी फाईल करा, सुरुवातीला लयीत चार टिकटिक घाला आणि चौथीला गाणाऱ्याने कॅमेऱ्यासमोर टाळी वाजवावी. एडिटिंगला हात जुळलेली फ्रेम त्या टिकटिकीवर ठेवायची. मोबाईलमध्ये आलेल्या आवाजावरून जुळवाल तर लांबच्या दृश्यात फसाल. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. कॅमेरा ३५ मीटरवर असेल तर आवाज ०.१ सेकंद उशिरा पोचतो, म्हणजे सेकंदाला २५ फ्रेमच्या हिशेबाने अडीच फ्रेम. तेवढ्यानेही ओठ चुकलेले दिसतात. स्पीकर गाणाऱ्याच्या पायाशीच ठेवा.

खोलीत शूटिंग असेल तर फ्रेमरेट २५ आणि शटर १/५० किंवा १/१०० सेकंद ठेवा. आपली वीज ५० हर्ट्झची. मोबाईल ३० फ्रेमवर आणि शटर ऑटोवर सोडलं की ट्यूबलाईटखाली पट्टे सरकतात. एप्रिल-मेमध्ये बाहेरचं काम सकाळी नऊच्या आत किंवा पाचनंतर. आपल्याकडच्या उन्हात मोबाईल तापून रेकॉर्डिंग मध्येच बंद पडतं. कव्हर काढा, चार्जिंगला लावून शूट करू नका.

प्रश्न : सुरुवातीला देवगिरीच्या दरबारातलं गाणं दाखवायचं आहे. पेटी-तबला चालेल का? किल्ल्यात शूटिंग करता येईल?
— एक वाचक, परभणी

उत्तर : पेटी-तबला नको. यादव राजा सिंघण याच्या आश्रयाला असलेल्या शार्ङ्गदेवाने १३ व्या शतकात ‘संगीतरत्नाकर’ लिहिला. त्याच्या सात अध्यायांपैकी सहावा वाद्यांचा. वीणा, बासरी, मृदंग, टाळ एवढ्यावर दृश्य छान उभं राहतं. तबला १८ व्या शतकातला, पेटी १९ व्या. शार्ङ्गदेव दरबारात हिशेबाचं काम पाहायचा, तेव्हा त्याला पोथीवर वाकलेला दाखवलात तरी चालेल. पात्र म्हणून तेच जास्त मजेशीर. पुढे १६ व्या शतकातल्या, एकनाथांच्या पैठणवर येणार असाल तर मधली तीनेकशे वर्षं कपड्यांत आणि वाद्यांत दिसू द्या. आजच्या भारुडाच्या दृश्यात मात्र पेटी खुशाल ठेवा, आज ती असतेच.

देवगिरीचा, म्हणजे आजच्या दौलताबादचा किल्ला केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात आहे. ट्रायपॉड, वेशभूषा, नट घेऊन जायचं तर आधी लेखी परवानगी लागते. ती वेळेत मिळेल असं धरून चालू नका. गावातल्या जुन्या वाड्याची दगडी ओसरी जवळून घेतली तर दरबार शोभून जातो.

प्रश्न : शब्द एकनाथांचे, मग कॉपीराइट कसला?
— एक विद्यार्थी, जालना

उत्तर : शब्दांवर नाही. पण अलीकडच्या संगीतकाराने बांधलेल्या चालीवर त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं आणि ध्वनिमुद्रणावर प्रसिद्धीपासून ६० वर्षं हक्क असतो. गावच्या भजनी मंडळाची परंपरागत चाल घ्या, स्वतः गा, आणि ती कुणाकडून शिकलात ते श्रेयनामावलीत लिहा.