मुलाला स्नूकरमध्येच करिअर करायचंय. इंदूरमध्ये राहून जमेल का?

तुमचा मुलगा सतरा वर्षांचा आहे, क्लबमध्ये सगळ्यांना हरवतो, पण स्पर्धेत पहिल्या-दुसऱ्या फेरीतच बाहेर पडतो. तेव्हा त्याला खेळू द्यावं की कॉलेजकडे वळवावं, असं तुम्ही विचारलंय. मीही इंदूरचाच. खेळाच्या कोट्यातून नोकरी लागली, अजून स्पर्धा खेळतो.

क्लबमधल्या जिंकण्यावर फार जाऊ नका. बऱ्याच क्लबांत टेबलाचं कापड झिजेपर्यंत बदलत नाहीत. पावसाळ्यात ते दमट होतं, पांढरा चेंडू, ज्यानं बाकीचे मारायचे तो, जड चालतो आणि पोरांच्या हाताला जोर लावायची सवय लागते. स्पर्धेत कापड नवं असतं. तोच जोर लावला की लाल चेंडू पॉट होतो, म्हणजे खिशात जातो, पण पांढरा हवा तिथे थांबत नाही आणि पुढचा काळा मारायची जागा हातची जाते. ब्रेक, म्हणजे सलग गुण घेण्याची खेळी, तिथेच संपतो. परदेशातल्या मोठ्या स्पर्धांत तर दमटपणा राहू नये म्हणून टेबल खालून गरम ठेवतात. मुलाला अधूनमधून तरी चांगल्या कापडावर खेळायला मिळेल असं बघा. मी कोचिंगच्याही आधी यावर पैसे खर्च करीन.

त्याहून अवघड आहे ते खुर्चीत बसणं. समोरचा ब्रेक करत असताना आपल्या हातात काहीच नसतं. कबड्डीत निदान अंगावर जाता येतं! क्लबमध्ये पोरं तेवढ्यात मोबाइल काढतात, चहा मागवतात, म्हणून स्पर्धेत ती खुर्ची खायला उठते. मी बसल्याबसल्या हिशोब करतो. चार लाल उरले की टेबलावर साधारणपणे जास्तीत जास्त 59 गुण मिळवायचे उरतात. मी 62 नं मागे असलो तरी फ्रेम, म्हणजे तो डाव, सोडत नाही. एक स्नूकर लावला, म्हणजे समोरच्याला हवा तो चेंडू सरळ मारता येणार नाही असा पांढरा अडवला, त्याच्या फाऊलचे 4 मिळाले, की 58 नं मागे, म्हणजे अजून जिंकता येतं. हा हिशोब चालू असला की उठताना हात थरथरत नाही.

आता पैशाचं. आपल्याकडे नुसत्या बक्षिसांवर घर चालत नाही, नोकरी लागते. पंकज अडवाणीसुद्धा ओएनजीसीत आहे. जागतिक व्यावसायिक टूरवर जायचं तर क्यू स्कूल ही पात्रता स्पर्धा पार करून टूरवर खेळायचं दोन वर्षांचं कार्ड मिळवायचं आणि बराच काळ इंग्लंडमध्ये काढायचा. मुंबईच्या इशप्रीतसिंग चढ्ढानं 2023 मध्ये ते करून दाखवलं. अडवाणी 2013 मध्ये वेल्श ओपनच्या उपांत्यपूर्व फेरीपर्यंत गेला आणि 2014 मध्ये टूर सोडून परत आला. त्या परतण्याला कुणी माघार म्हटलं की मला राग येतो. 2025 मध्ये इथल्याच यशवंत क्लबमध्ये त्यानं राष्ट्रीय स्नूकर जिंकलं.

राष्ट्रीय विजेती अमी कमानी आपल्या इंदूरचीच. तेव्हा गाव आड येत नाही. कॉलेज मात्र सोडू देऊ नका. कोट्यातल्या नोकरीलाही शिक्षणाची अट असते.

पुढच्या स्पर्धेला त्याच्याबरोबर जा. हरला तर त्या दिवशी विषय काढू नका. दुसऱ्या दिवशी विचारा, निर्णायक फ्रेममध्ये किती लाल उरले होते आणि तो कितीनं मागे होता. आकडे धडाधड सांगितले, तर आणखी दोन वर्षं खुशाल खेळू द्या.