वाचकांचे प्रश्न : शस्त्रक्रियेचं सर्टिफिकेट करू का?

प्रश्न : नमस्कार मॅडम. मी परळच्या मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालयाची, तुमच्या बऱ्याच नंतरच्या बॅचची. नवऱ्याच्या नोकरीमुळे इंग्लंडला आले. आरसीव्हीएसची (इथल्या पशुवैद्यांची नोंदणी करणाऱ्या संस्थेची) परीक्षा दुसऱ्या प्रयत्नात सुटली आणि गेली चार वर्षं वेस्ट यॉर्कशायरमध्ये कुत्र्यामांजरांच्या दवाखान्यात काम करते. आम्ही चार व्हेट, म्हणजे पशुवैद्य, आहोत. आता मला सर्ट-एव्हीपी, म्हणजे नोकरी करता करता घेता येणारं आरसीव्हीएसचं पुढचं सर्टिफिकेट, करायचंय, तेही शस्त्रक्रियेत. हाडांची मोठी ऑपरेशनं आमच्याकडे होत नाहीत, रेफरलला, म्हणजे तज्ज्ञांच्या दवाखान्यात, जातात. प्रॅक्टिस निम्मी फी भरायला तयार आहे, पण मग दोन वर्षं नोकरी सोडायची नाही अशी अट आहे. मुलगी चार वर्षांची आहे. सासूबाई म्हणतात, "डॉक्टर झालीस, इथली परीक्षाही दिलीस, आता आणखी कागद कशाला?" खरं सांगू का, कुणी क्लायंटनं "तुम्ही कुठे शिकलात?" असं विचारलं की अजून पोटात गोळा येतो. तो जावा म्हणूनही करावंसं वाटतं. करू का? — स., ब्रॅडफर्डजवळ

उत्तर : आपल्याच कॉलेजची आहेस, म्हणून एकेरीत लिहिते.

कर. पण शस्त्रक्रियेत नको, निदान पूर्ण शस्त्रक्रियेत नको. आणि पोटातल्या गोळ्यासाठी तर मुळीच नको. मी माझं सर्टिफिकेट 2017 ते 2021 या काळात केलं, तरी मला तो प्रश्न आजही विचारतात. मी सांगते, परळला शिकले. कॉलेज 1886चं, त्याला लागून असलेलं जनावरांचं हॉस्पिटल त्याहून जुनं. आपण ज्याला बैलघोडा म्हणतो, तिथे एका सकाळी गाढव, बैल, ससा आणि भटकी कुत्री एकाच रांगेत बघितली आहेत. तुझ्या हाताला जे वळण आहे ते तिथलं आहे. ते कुणाच्या सहीनं कमीजास्त होत नाही.

मग करायचं कशासाठी? मला त्यातून काय मिळालं तेच सांगते. हृदयरोगाच्या मॉड्यूलसाठी, म्हणजे सर्टिफिकेटच्या त्या भागासाठी, मी एक केस लिहिली होती. आठ वर्षांची कॅव्हलियर जातीची कुत्री, छातीत चौथ्या ग्रेडचा मर्मर (हृदयाच्या ठोक्यांमधला जादा आवाज), खोकला नाही, धाप नाही. मी तिला पिमोबेन्डान हे हृदयाचं औषध सुरू केलं होतं, दिवसातून दोनदा. 2016 मध्ये 'एपिक' नावाची चाचणी प्रसिद्ध झाली होती. मायट्रल झडपेचा आजार आहे पण अजून लक्षणं नाहीत, अशा कुत्र्यांमध्ये या औषधानं हार्ट फेल्युअर साधारण 15 महिन्यांनी पुढे जातं, असं तिनं दाखवलं होतं. आम्ही सगळेच ते औषध उत्साहानं द्यायला लागलो होतो. ट्यूटरनं माझ्या लिखाणावर एकच ओळ लिहिली : हृदय मोठं झालंय हे कशावरून ठरवलं?

माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या चाचणीत फक्त हृदय मोठं झालेली कुत्री घेतली होती, डाव्या कर्णिकेच्या (हृदयाच्या वरच्या कप्प्याच्या) आकाराचं महाधमनीशी प्रमाण किमान 1.6 असलेली. मी ना एक्स-रे काढला होता ना इको (हृदयाची सोनोग्राफी) केला होता. नुसत्या कानावर विसंबून औषध दिलं होतं. त्या कुत्रीचे मालक पेन्शनीत निघालेले एकटे गृहस्थ होते. जेवणाच्या तासभर आधी गोळी द्यायची म्हणून ते रोज गजर लावायचे. मी त्यांना परत बोलावलं, फी न घेता इको केला, प्रमाण निघालं 1.3. औषध बंद केलं आणि का बंद केलं तेही सरळ सांगितलं. दर सहा महिन्यांनी तपासत राहिले. दोन वर्षांनी आकडा 1.7 झाला, तेव्हा तीच गोळी पुन्हा सुरू केली, या वेळी कारणासकट. माझं सर्टिफिकेट म्हणजे माझ्या लेखी ती कुत्री आहे. दहा वर्षांच्या नोकरीत "कशावरून?" असं मला कुणी विचारलं नव्हतं. दिवसाला वीस-पंचवीस कन्सल्ट उरकताना आपणही स्वतःला विचारत नाही.

आता विषयाचं. मूल्यमापन तू स्वतः हाताळलेल्या केसेसवर होतं : केसची डायरी, केस रिपोर्ट, स्वतःच्या कामाचा आढावा. तुमच्याकडचे लिगामेंट तुटलेले सगळे गुडघे रेफरलला जाणार असतील, तर लिहिणार काय? दुसऱ्यानं केलेलं ऑपरेशन बघून शिकता येतं, पण ते तुझी केस म्हणून लिहिता येत नाही. माझ्या ओळखीच्या एका मुलीनं हौसेनं शस्त्रक्रियेत नाव घातलं आणि दीड वर्ष केसेसची वाट बघत बसली. शेवटी दवाखानाच बदलावा लागला. सर्टिफिकेट ठरावीक विषयाच्या नावाचंच घेतलं पाहिजे असं बंधन नाही. तसं नाव हवं असेल तर शेवटी सगळ्या विषयाची एकत्रित परीक्षा द्यावी लागते. नाहीतर मॉड्यूलं मिसळून घेता येतात : सॉफ्ट टिश्यू सर्जरीचं (हाडं सोडून बाकीच्या शस्त्रक्रियांचं) एक, त्वचारोगाचं एक, इमेजिंगचं (एक्स-रे, सोनोग्राफीचं) एक. तुझ्यासारख्या चार व्हेटच्या दवाखान्यात हीच वाट मला शहाणपणाची वाटते. गाठी, पायोमेट्रा (गर्भाशयात पू होणं), मूत्राशयातले खडे हे तुझ्या टेबलावर येत असणारच. पुढे 'ॲडव्हान्स्ड प्रॅक्टिशनर' म्हणून आरसीव्हीएसच्या यादीत यायचं मनात असेल तर मात्र बहुतेक क्रेडिट (मॉड्यूलं पुरी करून मिळणारे गुण) एका विषयाची लागतात. तो दर्जाही कायमचा नसतो, पाच-पाच वर्षांनी पुन्हा सिद्ध करावा लागतो. स्पेशालिस्ट ही आणखी वरची, वेगळी पायरी.

वेळेचा हिशेब कागदावर मांड. एकूण 60 क्रेडिट, एका क्रेडिटला साधारण 10 तास, म्हणजे 600 तास. पुरं करायला दहा वर्षं मिळतात, त्यामुळे धावायची गरज नाही. हे तास वर्षाच्या सक्तीच्या 35 तासांच्या सीपीडीतही (नोकरीत असताना चालू ठेवायच्या शिक्षणात) धरता येतात. "मूल झोपलं की बसेन" हे मी वर्षभर करून बघितलं. माझा मुलगा तेव्हा पाच वर्षांचा होता. दिवसभर उभं राहून आल्यावर रात्री नऊला शोधनिबंध डोक्यात शिरत नाही, आणि मूल नेमकं त्याच रात्री उठतं. मग मी बॉसकडे पैसे सोडून वेळ मागितला : दर बुधवारी दुपारी एकनंतर सुट्टी, तीही लेखी. त्या दुपारींनीच मला पार नेलं. तूही निम्म्या फीसोबत हे माग. द्यायला कुरकुर करतील, पण व्हेट मिळणं इथे किती अवघड आहे हे त्यांना माहीत आहे.

दोन वर्षांची अट नीट वाच. दोन वर्षं मोजायची कुठून, प्रत्येक मॉड्यूलची फी भरल्यापासून की सगळं संपल्यापासून? सगळं संपल्यापासून असेल तर चार वर्षं अभ्यासाची आणि वर ही दोन, अशी सहा वर्षं तू त्या एका दवाखान्याला बांधली जातेस. मध्येच सोडलंस तर परतफेड महिन्यागणिक कमी होत जाते का, बाळंतपणाची रजा कशी धरणार, दवाखाना दुसऱ्या कंपनीला विकला तर काय, हे विचारून घे. पगार आपोआप वाढेल असं धरून चालू नकोस, तेही आधीच बोल. आणि कधी भारतात परतून शिकवायचा विचार असेल, तर हे सर्टिफिकेट एमव्हीएससीची (आपल्याकडच्या पशुवैद्यकातल्या पदव्युत्तर पदवीची) जागा घेत नाही, हे आत्ताच लक्षात ठेव.

एक गोष्ट आपल्याकडून आलेल्यांना हमखास नडते. आपल्याला "जनावरावर उपचार करण्यात आले" असं लिहायला शिकवलं. इथे "मी" लिहावं लागतं. "मला खात्री नव्हती, मालक घाईत होते, म्हणून मी अँटिबायोटिक दिलं, पुन्हा तशी वेळ आली तर आधी कल्चर (कोणते जंतू आहेत त्याची तपासणी) करीन." माझा पहिला निबंध परत आला तो इंग्रजीमुळे नाही, त्यात मी कुठेच नव्हते म्हणून. दुसऱ्यांदा लिहिताना मला चक्क रडू आलं. आपली चूक आपल्या हातानं लिहायची सवयच नव्हती.

सासूबाईंना कागदाचं सांगू नकोस, त्या कुत्रीची गोष्ट सांग. आणि बुधवारची दुपार त्यांच्याकडेही माग. त्या तिथे असतील तर नातीला शाळेतून आणण्याची. नसतील तर व्हिडिओवर तिला गोष्ट सांगण्याची.

आत्ता कुठेही अर्ज करू नकोस. या आठवड्यात दवाखान्याच्या कॉम्प्युटरवर तुझ्या गेल्या तीन महिन्यांच्या केसेस काढ आणि मोज : कान आणि खाज किती, उलट्या-जुलाब किती, मर्मर किती, गाठी किती काढल्यास, त्यातल्या किती पॅथॉलॉजीला पाठवल्यास. ते आकडे मला मासिकाच्या पत्त्यावर कळव. मग पहिलं मॉड्यूल कोणतं ते ठरवू.