‘पढतमूर्ख’ आणि ‘दीडशहाणा’ : एकच की वेगळे?

प्रश्न असा आहे : लग्नघरी आचाऱ्याजवळ उभे राहून त्याला आमटीतल्या मिठाचे प्रमाण समजावून सांगणाऱ्या एका उच्चशिक्षित मामांना एका नातेवाइकाने ‘पढतमूर्ख’ म्हटले, तर दुसऱ्याने ‘दीडशहाणे’. हे दोन शब्द समानार्थी आहेत का, आणि नसल्यास इथे कोणता योग्य?

अलीकडे हे दोन्ही शब्द एकमेकांच्या जागी सर्रास वापरले जातात, परंतु माझ्या मते ते समानार्थी नाहीत, कारण समोरच्याचा मूर्खपणा मोजण्याची दोघांची मापे निराळी आहेत.

‘पढतमूर्ख’ रूढ झाला तो मुख्यतः समर्थ रामदासांच्या दासबोधामुळे. तेथे दुसऱ्या दशकाच्या पहिल्या समासात साध्या मूर्खाची लक्षणे आहेत आणि दहाव्या समासात पढतमूर्खाची. साधा मूर्ख कोणालाही ओळखता येतो, कारण तो स्वतःची स्तुती करतो, कारण नसताना हसतो, सांगितलेला विवेक धरत नाही. पढतमूर्ख मात्र बहुश्रुत आहे, व्युत्पन्न आहे, ब्रह्मज्ञानसुद्धा स्पष्ट शब्दांत सांगू शकतो आणि तरीही दुराशा व अभिमान धरून बसतो. म्हणजे त्याचे ज्ञान समर्थ नाकारत नाहीत. त्या ज्ञानाच्याच मापाने त्याचे वागणे उणे पडते, एवढेच ते दाखवतात. रुग्णाला तंबाखूचे दुष्परिणाम अचूक सांगून झाल्यावर मागच्या दाराशी जाऊन स्वतः तंबाखू मळणारा डॉक्टर हे याचे चोख उदाहरण होय. ‘पढणे’ या क्रियापदात समजण्यापेक्षा घोकण्याची छटा अधिक आहे, हेही लक्षात घ्यावे. साक्षीदाराला ‘पढवतात’, पोपटाला ‘पढवतात’, आणि ‘पढिक विद्वान’ ही काही स्तुती नव्हे.

‘दीडशहाणा’ची गोष्ट वेगळी आणि मला अधिक गमतीची वाटते. ‘दीड’ हा संस्कृत ‘द्व्यर्ध’पासून आलेला, म्हणजे एक पूर्ण आणि दुसऱ्याचा अर्धा. ‘शहाणा’ हा शब्द तर मराठीत आधीच दुधारी आहे : ‘शहाणं माझं बाळ ते’ यात कौतुक आहे आणि ‘मोठा शहाणा लागून गेलास’ यात कानउघाडणी. ‘अति शहाणा त्याचा बैल रिकामा’ ही म्हणही शहाणपणाच्या उण्यावर नव्हे, अधिक्यावर बोट ठेवते. एकाहून कमी पडला तो ‘अर्धवट’ आणि एकाहून वर गेला तो ‘दीडशहाणा’, अशी ही मोजणी आहे. मग तो ‘एक’ कोणाचा? तो बहुतेक वेळा बोलणाऱ्याचा स्वतःचा असतो. मला जेवढे कळते तेवढे पुरेसे आहे, त्यावर ज्याला कळते किंवा कळते असे जो दाखवतो, तो दीडशहाणा. (‘मूर्ख’ या शब्दात ही तुलना मुळात नसावी; तो ‘मुह्’ या धातूचा, म्हणजे ‘मोह’ आणि ‘मुग्ध’ यांचा सख्खा, आणि त्याचा मूळ रोख मनाच्या गोंधळलेल्या अवस्थेकडे आहे. त्याच कुळातला ‘मुग्ध’ पुढे निरागस आणि मोहक झाला, मूर्खाच्या नशिबी ते आले नाही.)

व्याकरणाची एक साधी कसोटीही लावून पाहता येईल. ‘दीडशहाणपणा करू नकोस’ हे वाक्य घराघरांत ऐकू येते, परंतु ‘पढतमूर्खपणा करू नकोस’ असे सहसा कोणी म्हणत नाही, कारण दीडशहाणपणा ही त्या क्षणी केलेली कृती असते, तर पढतमूर्ख असणे हा वर्षानुवर्षांचा स्वभाव. तसेच ‘मीच मूर्ख, तुझ्यावर विश्वास ठेवला’ असे माणूस सहज कबूल करतो, पण ‘मीच दीडशहाणा’ असे म्हणणारा विरळा. स्वतःच्याच मापाने स्वतःला दीड ठरवणे अवघड असते.

दुसऱ्याला पढतमूर्ख म्हणणाऱ्यासाठी मात्र समर्थांनी त्याच समासात एक खाच ठेवली आहे. जे दोष पुढच्याला लावतो तेच आपल्यापाशी आहेत हे ज्याला कळत नाही, तोही त्यांच्या यादीत पढतमूर्खच आहे. ‘आपण हसे लोकाला, शेंबूड आपल्या नाकाला’ ही म्हण तेच काम कमी भारदस्त भाषेत करते.

आता मामांविषयी. त्यांचे शिक्षण पाकशास्त्राचे असते आणि घरी ते स्वतः खारट आमटी करत असते, तर ‘पढतमूर्ख’ शोभला असता. प्रश्नावरून तसे दिसत नाही; पदवी एका विषयाची आणि लुडबूड दुसऱ्यात, ती ज्याचा तो रोजचा धंदा आहे त्याच्यापुढे, म्हणून ‘दीडशहाणे’ हाच शब्द योग्य. आमटीत मीठ खरोखरच जास्त पडले होते का, हे मात्र प्रश्नकर्त्याने लिहिलेले नाही. पडले असल्यास दोन्ही नातेवाइकांना आपापला शब्द मागे घ्यावा लागेल.