परीक्षेचं राहू द्या, आधी साहेबाची सही घ्या

पुण्याची बीई सिव्हिल, ह्यूस्टनमध्ये तीन वर्षं नोकरी, आता दुसरीकडची ऑफर, आणि अमेरिकेतल्या पीई (प्रोफेशनल इंजिनिअर) लायसन्ससाठी आधी परीक्षा द्यावी की आधी कागदपत्रं जमवावीत, हा तुमचा प्रश्न वाचला आणि मला माझं २०१५ साल आठवलं. फी, पुस्तकं वगैरे सांगत बसत नाही, ते परीक्षा घेणाऱ्या एनसीईईएस या संस्थेच्या साइटवर आहे. मला खटकलं ते तुम्ही जाता जाता लिहिलेलं वाक्य: ‘पुढच्या शुक्रवारी इथला शेवटचा दिवस.’

शुक्रवारच्या आत तुमच्या पीई साहेबाकडून तीन वर्षांच्या अनुभवावर मान्यता घ्या. परीक्षा कुठे पळून जात नाही.

मी घेतली नव्हती. केक कापला, कंपनीचा मग घेतला, निघालो. अनुभवाची चार वर्षं भरल्यावर लायसन्सचा अर्ज करायला बसलो, तर साहेब निवृत्त झालेले, कंपनी दुसऱ्या कंपनीने विकत घेतलेली, जुना ईमेल परत येतोय. नव्या मालकांच्या एचआरने ‘हा कर्मचारी इथे होता’ एवढंच एका ओळीचं पत्र दिलं. लायसन्स देणाऱ्या राज्याच्या बोर्डाला ते नको असतं. तुम्ही कोणतं काम कुणाच्या देखरेखीखाली केलं, हे सांगणारा लायसन्सधारक माणूस हवा असतो. शेवटी तिथल्या एका दुसऱ्या पीईने मदत केली, पण तो माझ्यासोबत होता चौदाच महिने आणि तेवढ्याचंच त्याने लिहून दिलं. प्रामाणिक माणूस, बोलणार काय! माझे बावीस महिने गेले. बैल गेला आणि झोपा केला.

एनसीईईएसच्या रेकॉर्डमध्ये नोकरी नोंदवली की साहेबाला ऑनलाइन विचारणा जाते. मजकूर मात्र तुम्ही लिहायचा. ‘ड्रेनेज प्रोजेक्टवर टीमला मदत केली’ असं लिहू नका, आपली ती सवयच आहे. ‘पाणलोटाचा विसर्ग मी काढला, पाइपऐवजी बॉक्स कल्व्हर्ट का, हे मी गणिताने मांडलं’ असं लिहा. साहेबांना एक कॉफी पाजून समोर बसवून वाचायला द्या.

आता कागदपत्रं. भारत २०१४ मध्ये वॉशिंग्टन करारात (एकमेकांच्या इंजिनिअरिंग डिग्र्या मानण्याचा देशादेशांतला करार) आला, म्हणून आता आपली डिग्री इथल्या डिग्रीच्या तोडीची आहे का हे तपासणारं मूल्यमापन लागत नाही, असं कुणीतरी तुम्हाला सांगेल. आधीच्या डिग्र्यांना ते लागू नाही, नंतरच्याही फक्त एनबीएच्या (अभ्यासक्रमांना मान्यता देणारी आपली संस्था) टिअर-वन अभ्यासक्रमांना आहे. विद्यापीठाशी संलग्न कॉलेजं बहुतेक टिअर-टू. तेव्हा मूल्यमापन धरूनच चाला. (इथे एमएस केलं असेल तर काही राज्यांत सूट मिळते. तुमच्या बोर्डाला लेखी विचारा, माझ्या भरवशावर राहू नका. मी वकील नाही आणि नियम बदलतात.)

त्यासाठी ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे गुणांचा अधिकृत उतारा, विद्यापीठाकडून परस्पर जावा लागतो. माझ्या विद्यापीठाचं नाव घेत नाही, पण त्या खिडकीवर माझ्या वडिलांनी चार खेपा घातल्या. एकदा जेवणाची सुट्टी, एकदा ‘ते साहेब रजेवर’, एकदा चलन चुकीच्या शीर्षाखाली. चौथ्यांदा पाकीट गेलं, तर मार्कशीटवर आधी आडनाव, मग नाव, वडिलांचं, आईचं, आणि पासपोर्टवर भलताच क्रम. मग त्याचं प्रतिज्ञापत्र. सत्तर वर्षांच्या माणसाला एवढं पळवणाऱ्यांना हात जोडून नमस्कार. तुम्ही आजच भावाला किंवा मित्राला अधिकारपत्र देऊन ठेवा.

तुमचा सर्व्हेअर मित्र ‘पीई झालास की सर्व्हेही करू’ म्हणतोय, त्याला थांबवा. टेक्सासमध्ये २०१९ पासून दोन्हींचं बोर्ड एकच असलं तरी लायसन्स वेगळी आहेत. जमिनीच्या हद्दीच्या कामात टोटल स्टेशन (मोजणीचं यंत्र) चालवण्यापेक्षा जुने दस्त वाचणं जास्त. इथल्या जुन्या खरेदीखतांत मापं ‘वारा’मध्ये असतात, एक वारा म्हणजे ३३⅓ इंच. गुंठ्याच्या ३३ फुटांवर वाढलेल्या माणसाला गंमत वाटते, पण सर्व्हेच्या परीक्षेत नाही.

आणि हो, नवा कॅल्क्युलेटर घेऊ नका. कॉलेजातला कॅसिओ एफएक्स-९९१ पीईच्या परीक्षेत चालतो. माझा तोच होता, फक्त झाकणावर रोल नंबर कोरलेला म्हणून झाकण बाहेर ठेवायला लावलं.