अनुदान मिळालं म्हणजे पगार झाला असं नाही

अनेक आशीर्वाद.

चाळीस टक्के अनुदानाच्या तुकडीवर शिक्षिका म्हणून रुजू झालीस, म्हणजे सरकार पगाराचा चाळीस टक्केच भाग देणार; तरी आनंद वाटला. "दोन वर्षांत शंभर टक्के होईल" असं संस्थेचे अध्यक्ष म्हणाले, तेवढ्यावर मात्र घराचा हप्ता ठरवू नकोस. ते खोटं बोलले असं नाही, पण त्यांच्या हातात काही नाही.

हा घोळ जुना आहे. 2001 मध्ये सरकारनं नव्या शाळांना 'कायम विनाअनुदानित' (सरकारी अनुदान कधीच मागायचं नाही) या अटीवर मान्यता द्यायला सुरुवात केली. 2009 मध्ये त्यातला 'कायम' गळला, मग शाळा अनुदानाला पात्र आहे का हे तपासायचं मूल्यांकनाचं लचांड आलं, आणि वीस टक्के अनुदान पदरात पडायला 2016 उजाडलं. तोवर बीएड झालेली माणसं शाळा सुटल्यावर दुसऱ्याच्या शेतात राबत होती. पुढचा प्रत्येक टप्पाही मोर्चे, उपोषणं काढूनच सुटला.

म्हणून जीआर (शासन निर्णय) निघाला की लगेच पेढे वाटायचे नाहीत. पुरवणी मागण्यांत, म्हणजे अधिवेशनात मंजूर होणाऱ्या जादा खर्चात, तरतूद झाली का, ते आधी बघायचं. अनुदानाची टक्केवारी पुढच्या टप्प्यावर नेण्याचा, म्हणजे टप्पावाढीचा निर्णय ऑक्टोबर 2024 मध्ये झाला. तरी जुलै 2025 मध्ये शिक्षकांना पावसात आझाद मैदानावर बसावं लागलं, कारण पैशाची सोयच केली नव्हती. (निवडणुकीच्या तोंडावरचे निर्णय जरा जास्तच सावधपणे वाचत जा.)

आता तुझ्या कागदांबद्दल. वैयक्तिक मान्यतेचा (तुझ्या नेमणुकीला शिक्षण खात्यानं दिलेल्या मंजुरीचा) आदेश हातात घे आणि जावक क्रमांक, तारीख, तुकडी, अनुदानाची टक्केवारी नीट वाच. नियुक्तीपत्रात एक तुकडी आणि मान्यतेत दुसरी असेल, तर आजच दुरुस्ती माग. नाहीतर पगार काढणाऱ्या वेतन पथकाच्या कार्यालयात ती फाईल वर्षभर लोळेल. नागपूरचा शालार्थ घोटाळा (पगाराच्या ऑनलाइन प्रणालीत बोगस शिक्षक घुसवल्याचा) बाहेर आल्यापासून 2012 नंतरच्या नेमणुकांचे मूळ आदेश पुन्हा मागितले गेले. ज्यांची नेमणूक सरळ होती, तेही दप्तरं उपसत बसले. सेवापुस्तक शाळेच्या कपाटात असतं, दुय्यम प्रत स्वतःकडे ठेव.

आणि पट, म्हणजे मुलांची संख्या. संचमान्यता (शाळेला किती शिक्षकपदं, ते ठरवणं) आधार जुळलेल्या मुलांवर होते. ऊसतोडीला गेलेल्या घरातल्या पोराचं नाव आधारवर वेगळं निघालं, तर तो वर्गात बसूनही मोजला जात नाही, आणि तेवढ्यानं एखादं पद अतिरिक्त ठरू शकतं.

संघटनेत जा, वर्गणी भर, पण पावती घे. संप करायची वेळ आली तर पालकांना आधी सांग. मार्च 2023 चा जुन्या पेन्शनचा संप ऐन बोर्डाच्या परीक्षेत आला, तेव्हा गावोगावी "यांना पगार कमी पडतो का?" हेच ऐकू येत होतं. चाळीस टक्के म्हणजे हातात किती पडतात, हे त्या लोकांना कुणी कधी सांगितलंच नव्हतं. पालक सभेत तू सांग. आकडा लपवण्यात कसली आलीय अब्रू?

मान्यतेच्या आदेशाची झेरॉक्स पाठव. मोबाईलवर फोटो काढलास तर शिक्का आणि तारीख कापू नकोस.