ऑपरेशन तिकडंच करू का सोलापूरला येऊ?

हा प्रश्न मला बहुतेक वेळा रात्री साडेनवाला येतो, कारण तेव्हा दुबई-शारजात आठ वाजलेले असतात, माणूस कामावरून घरी आलेला असतो आणि जेवायच्या आधी व्हिडिओ कॉल लावून विचारतो, मॅडम, ऑपरेशन सांगितलंय, इथंच उरकू का गावाकडं येऊ. मी समुपदेशक आहे ओ, डॉक्टर नाही, हे पहिल्याच कॉलला सांगून टाकते. तरी विचारतातच.

एक केस सांगते. परवानगी घेतलीय, नाव आणि थोडे तपशील बदललेत. माधुरी म्हणू तिला. वय ४४, माहेर बाळीवेस, सासर जुळे सोलापूर, पण पंधरा-सोळा वर्षं झाली शारजाला. गर्भाशयात फायब्रॉइडच्या गाठी, दर महिन्याला अंगावरून इतकं जायचं की हिमोग्लोबिन ८ च्या खाली आलेलं. तिथल्या डॉक्टरांनी गर्भाशय काढायचा सल्ला दिला आणि घरात महिनाभर तेच चालू, इथं का तिथं, इथं का तिथं. डिसेंबरच्या सुट्टीत आले तेव्हा तिघं माझ्याकडं आले, ती, तिचे मिस्टर आणि सासूबाई.

मिस्टरांनी एक फुलस्केप कागद आणलेला, मधे रेघ मारून. डाव्या बाजूला दिरहम, उजव्या बाजूला रुपये. तिकिटं, हॉस्पिटलचं पॅकेज, औषधं, सगळं नीट लिहिलेलं, माणूस अकाउंट्समधला आहे. उजवीकडं सगळ्यात खाली लिहिलेलं, 'आईची मदत – फुकट'. मी कागद वाचत होते तेव्हा माधुरीची नजर त्याच ओळीवर होती आणि ओढणीचं टोक बोटाला गुंडाळणं चाललेलं.

अशा केसमधे मी पेशंटशी दहा मिनिटं तरी एकटीनं बोलते, घरच्यांना आवडो न आवडो. दोघांना बाहेर चहाला पाठवलं. पाच मिनिटं ती नुसती रिपोर्टची फाईल उघडझाप करत बसली, मग म्हणाली, "मॅडम, माझं सिझर इथंच झालं होतं. बाराव्या दिवशी बारसं, घरात चाळीस माणसं. मला कुणी काम कर म्हणलं नाही हो, खोटं कशाला बोलू. पण टाके ओढत होते आणि मी काठापदराची साडी नेसून पाहुण्यांपुढं बसले होते. आताही भेटायला माणसं येणारच की. आली की मला पडून राहवत नाही."

एवढंच होतं. कागदावर कुठं मांडणार हे?

मिस्टरांशी एकटं बोलल्यावर वेगळंच निघालं. पैशाचं ते बोलत होते, पण भीती दुसरीच होती, ऑपरेशन थिएटरच्या बाहेर आपण एकटेच बसलोय आणि आतून कुणी येऊन काही वाईट सांगितलं तर आपण कुणाकडं बघायचं. माझा अनुभव असाय की हिशोबाचा कागद जितका नीट तितकी त्याच्यामागं भीती मोठी.

मग हिशोबच परत केला, पण वेगळा. मिस्टरांनी मागच्या वर्षी इथली एक हेल्थ पॉलिसी काढली होती, तिच्या भरवशावर उजवी बाजू स्वस्त दिसत होती. मी म्हटलं एजंटला आत्ता, इथूनच फोन लावा. बऱ्याच पॉलिसींत हर्निया, पित्ताशयातले खडे, गर्भाशय काढणं असल्या ठरलेल्या ऑपरेशनना दोन वर्षं थांबावं लागतं, हे लोकांना क्लेम करतानाच कळतं. एजंट आधी "बघतो, सांगतो" करत राहिला आणि शेवटी हो म्हणाला, वेटिंग अजून संपलेलं नाही. तिकडच्या कंपनीच्या इन्शुरन्समधे मात्र ऑपरेशन बसत होतं, फक्त आधी मंजुरी घ्यायची होती. भारतात केलं तर पैसे परत मिळतील का हे लेखी विचारा म्हटलं, तर त्यांचं उत्तर आलं, नाही.

दुसरं म्हणजे पुढचे दीड-दोन महिने. ऑपरेशन दोन-तीन दिवसांत उरकतं, पण काढलेला भाग तपासणीला जातो, रिपोर्ट यायला आठ-दहा दिवस लागू शकतात, टाके बघायचे, जड उचलायचं नाही, साधारण सहा आठवड्यांनी परत दाखवायचं. मिस्टरांची वर्षाची रजा ३० दिवस, त्यातली निम्मी संपलेली. म्हणजे इथं केलं असतं तर ती सोलापुरात, ते शारजात, आणि लेकीची दहावीची बोर्डाची परीक्षा फेब्रुवारीत. ताप आला तर फोन कुणाला करायचा, सर्जनला का नवऱ्याला?

इथं मला वाईट वाटतं ते एका गोष्टीचं, लोक पहिलं वाक्य टाकतात की सोलापूरला काय सोय आहे. अहो, धाराशिव, कलबुर्गी, विजापूरकडनं पेशंट इथं येतात, १९६३ पासून मेडिकल कॉलेज आहे आपल्याकडं. माधुरीला मी इथल्याच एका स्त्रीरोगतज्ज्ञांकडं सेकंड ओपिनियनला पाठवलं. त्यांनी सोनोग्राफी बघून सांगितलं, तुमच्या गाठी बघता काढणं बरोबर आहे, पण इमर्जन्सी नाही, आधी रक्त वाढवा. आयर्नची सलाईन सुरू झाली आणि घाईच संपली. फायब्रॉइड म्हटलं की प्रत्येकीचं गर्भाशय काढावंच लागतं असंही नाही, ते त्यांनी तिला नीट समजावलं.

आणि उलटंही होतं बरं का. सौदीतला एक मुलगा, कॅम्पमधे आठ जणांची खोली, हर्निया, रात्री पाणी द्यायला कुणी नाही. त्याला मी स्वतः म्हटलं, डॉक्टर प्रवासाला हो म्हणत असतील तर ये बाबा घरी. आईनं महिनाभर ताटावरनं उठू दिलं नाही.

माधुरीचं ऑपरेशन मार्चच्या शेवटी शारजातच ठरलं, लेकीचे पेपर संपल्यावर. मोठी बहीण व्हिजिट व्हिसावर जाणार. हे सासूबाईंना सांगायचं काम माझ्या गळ्यात आलं. त्या लै चिडल्या, "मी काय मेले का? बहिणीला नेतेत!" मग बऱ्याच वेळानं आपलंच सांगत बसल्या, त्यांचंही गर्भाशय सिव्हिलला काढलेलं आणि तेव्हा त्या सासरी न येता तीन आठवडे आईकडं राहिल्या होत्या. हे बोलून गप्प झाल्या. मीही काही बोलले नाही. जाताना विचारलं, कडक भाकऱ्या विमानात चालतात का.

तिसऱ्या दिवशी डिस्चार्ज मिळाला. रिपोर्ट अकराव्या दिवशी आला, चांगला. मधे एकदा रात्री ताप आला होता, मिस्टर तासाभरात तिला त्याच डॉक्टरांकडं घेऊन गेले.

जुलैत सगळे सुट्टीला आले तेव्हा भेटायला आले होते, शेंगाचटणीचा डबा घेऊन. सासूबाई खुर्चीत बसायच्या आधीच मला म्हणाल्या, "बघा, कशी वाळली पोरगी. इथं केलं असतं तर..." आणि माधुरी पोटावर हात दाबून हसायला लागली.