नदीपासून किती लांब, यापेक्षा नदीच्या किती वर

प्रश्न दोन आहेत: आपल्याकडे पाऊस नसताना पूर कसा येतो, आणि नदीपासून अर्धा किलोमीटर दूर असलेली सपाट जमीन सुरक्षित धरावी का? दुसऱ्याचं उत्तर आधी देतो. केवळ अंतर बघून सुरक्षित धरू नका.

तुमच्या गावातून जाणारं पाणी वरच्या पाणलोट क्षेत्रातून येतं, म्हणून पाऊस तिकडचा बघायचा. १ चौरस किलोमीटरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १,००० घनमीटर पाणी. वरचं खोरं २०० चौरस किलोमीटरचं असेल आणि त्यावर ६० मिलिमीटर पाऊस पडला, तर झालं १ कोटी २० लाख घनमीटर. कोरड्या, झाडोऱ्याच्या जमिनीत यातलं बरंच मुरतं. आठवडाभर भिजून तुडुंब झालेल्या जमिनीत मुरायला जागाच नसते.

लहान ओढ्यांसाठी एक सोपा हिशेब आहे. वाहून येण्याचा गुणांक (पडलेल्या पावसातला न मुरता वाहून येणारा हिस्सा), पावसाची तीव्रता (मिलिमीटर प्रति तास) आणि क्षेत्र (चौरस किलोमीटर) यांचा गुणाकार करून ३.६ ने भागलं की सर्वाधिक प्रवाह घनमीटर प्रति सेकंदात मिळतो. १० चौरस किलोमीटर, तासाला ३० मिलिमीटर, गुणांक ०.३ धरला तर २५. त्याच जमिनीवर काँक्रीट आणि छपरं वाढून गुणांक ०.७ झाला की ५८. पाऊस तेवढाच, पूर दुपटीहून मोठा. मोठ्या नदीला मात्र हे सूत्र लावू नका, तिथे सगळा खेळ वेळेचा असतो. खोरं गोलसर असेल तर उपनद्यांचं पाणी जवळपास एकाच वेळी पोचतं आणि पूर उंच चढतो. लांबट खोऱ्यात ते मागेपुढे येतं. ढग वरून खाली, प्रवाहाच्या दिशेने सरकत गेले तर वरचं पाणी आणि खालचा पाऊस एकत्र गाठ घालतात.

आता पूरमैदान, म्हणजे पुराचं पाणी जिथे पसरतं ती नदीकाठची सपाट जमीन. ते नदीच्याच गाळाने घडलेलं असतं आणि पाणी दुथडीबाहेर पडलं की तो नदीचाच भाग असतो. साधारण दर दीड-दोन वर्षांनी नदी काठोकाठ भरते. त्यापुढचं पाणी मैदानावर पसरतं, पिकं-झुडपांत मंदावतं, थोडा वेळ तिथेच थांबतं. त्यामुळे खालच्या गावांना पुराचं शिखर कमी आणि उशिरा पोचतं.

इथेच बहुतेकांची फसगत होते. पाणी काठ ओलांडताच त्याचा वेग पडतो आणि जाड रेती काठालगतच बसते. पुराबरोबर काठ उंचावत जातो, बारीक गाळ मात्र दूरवर जातो. परिणामी काठापासून लांबची जमीन कित्येकदा काठापेक्षा खोलगट असते. तिथे पाणी शिरलं की परत नदीत जायला वाट नसते. काठावरची घरं कोरडी झाली तरी मागे पाणी तुंबलेलं असतं. संगमाजवळ आणखी एक गोष्ट: मुख्य नदी चढली की उपनदीला फुगवटा येतो आणि तिच्या काठच्या जमिनी मागून येणाऱ्या पाण्याने बुडतात.

मैदानावर १ हेक्टरात १ मीटर भराव टाकला की १०,००० घनमीटर पाणी साठायची जागा गेली. ते पाणी शेजाऱ्याकडे किंवा खाली जातं. तटबंधाचं, म्हणजे पूर अडवायला नदीकाठी घातलेल्या बांधाचंही तसंच. आतली जमीन वाचते, पण आकुंचलेल्या पात्रात पातळी चढते. शिवाय तो फुटला तर पाणी हळूहळू नाही, लोंढ्याने येतं.

“शंभर वर्षांचा पूर” म्हणजे शंभर वर्षांतून एकदाच, असं समजू नका. तो दर वर्षी १ टक्का शक्यतेचा पूर. ३० वर्षं राहणार असाल तर किमान एकदा गाठ पडण्याची शक्यता सुमारे २६ टक्के.

जमीन घेण्याआधी समोच्च रेषांचा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांचा) नकाशा घ्या. वरच्या खोऱ्याची जलविभाजक रेषा, म्हणजे जिच्या अलीकडचं पाणी आपल्या नदीत आणि पलीकडचं दुसरीकडे जातं ती, आखून क्षेत्र काढा. आधीच्या मोठ्या पुराची खूण जुन्या भिंतीवर किंवा पुलाच्या खांबावर सापडली तर तिची उंची आणि तुमच्या जोत्याची उंची एकाच संदर्भबिंदूवरून लेव्हलने (उंची मोजायच्या यंत्राने) मोजून घ्या. खूण दूर असेल तर नदीचा उतार हिशेबात धरा: वरच्या अंगाला पुराची पातळी खुणेपेक्षा जास्त असते, खालच्या अंगाला कमी. आणि जमिनीतून पाणी बाहेर जाणारा नाला शोधा. त्याचं तोंड पुराच्या पातळीखाली असेल तर पूर आला की तो उलटा वाहतो. तोंडावर झडप असेल तर ती बंद होते आणि आत पडलेला पाऊस आतच साठतो. तेवढं पाणी उपसायची सोय आहे का, हे जागेवर जाऊन बघा.